त्याच्यासाठी उसने युद्ध नको

पत्र, थोडक्यात:

"माझा धाकटा भाऊ हवाईदलात फ्लाइट लेफ्टनंट होता. अडीच वर्षांपूर्वी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, रात्रीच्या नेहमीच्या प्रशिक्षण उड्डाणात त्याचे विमान कोसळले आणि तो गेला. येत्या स्मृतिदिनी गावातल्या मंडळाने चौकात त्याचा अर्धपुतळा बसवायचे ठरवले आहे. फलकाचा मजकूर त्यांनी छापूनच आणला: 'सीमेचे रक्षण करताना शत्रूशी झुंज देत वीरमरण'. हे खरे नाही. मी तसे म्हटल्यावर एक गृहस्थ म्हणाले, 'ताई, अपघात म्हणून लिहायचे तर पुतळा कशाला बसवायचा?' वडील एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. चौकशीत कारण 'मानवी चूक' असे निघाल्याचे कळल्यापासून ते दिवसभर अर्ज लिहीत बसतात. फलकाला त्यांचा विरोध नाही. 'तिकडे चूक लिहिली, इकडे शौर्य लिहू दे,' असे ते म्हणतात. आई फारसे बोलत नाही. त्याची काळी ट्रंक आली ती तिने एकदाच उघडली आणि त्यातले लॉगबुक काढून देवघराजवळ ठेवले. त्यात शेवटच्या उड्डाणाची ओळ नाही. ती आपण लिहावी असे तिला वाटते. त्याचा मोबाइल नंबर ती अजून रिचार्ज करते. माझी नऊ वर्षांची मुलगी विचारते, 'मामा युद्धात गेला ना?' आम्ही त्याची आठवण कशी ठेवावी? तो शहीद आहे की नाही? नाव, गाव आणि विमानाचा प्रकार कृपया छापू नये."

– एक शिक्षिका, उत्तर महाराष्ट्र

ताई,

तुमचे पत्र दोन-तीनदा वाचले. त्यात प्रश्न पाच-सहा असले, तरी तुम्ही अडखळला आहात ते एकाच वाक्याशी: 'हे खरे नाही.' भावाविषयी खोटे लिहिले जाऊ नये आणि खरे लिहिल्याने तो लहान ठरू नये, या दोन्ही गोष्टी तुम्हाला हव्या आहेत, आणि गावाने मात्र त्यातली एकच काय ती मिळेल असा पेच तुमच्यासमोर टाकला आहे. माझ्या मते दोन्ही मिळतात. किंबहुना पहिली सांभाळल्याशिवाय दुसरी फार दिवस टिकत नाही.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. माझे वडील हवाईदलात विमानांच्या देखभालीवर होते, त्यामुळे शाळेची बरीच वर्षे मी एअरफोर्सच्या वसाहतींत काढली. तिथे आम्हा मुलांना विमानांच्या आवाजावरून वेळ कळत असे, आणि नेहमीचा आवाज नेहमीच्या वेळेला आला नाही की बायका हातातले काम टाकून दारात येत. अशाच एका सकाळी मुख्य रस्त्यावरून एक जीप अधिकाऱ्यांच्या क्वार्टर्सकडे निघाली आणि ती कोणत्या गल्लीत वळते याकडे सगळी वसाहत बघत राहिली. आमच्या बाजूला ती वळण्याचे कारणच नव्हते, कारण वडील उडत नसत. तरीही ती पलीकडे वळल्यावर आईने सोडलेला निःश्वास मी ऐकला, आणि त्या निःश्वासाचीच शरम वाटून ती दिवसभर कुणाशी बोलली नाही हेही पाहिले. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. उड्डाणापूर्वी विमान तपासून सह्या करणाऱ्यांत ते होते. अपघात झाला की त्या विमानाचे सगळे कागद ताबडतोब सील होतात, आणि चौकशी पुरी होईपर्यंत सही करणारा प्रत्येक माणूस मनातल्या मनात स्वतःचेच हात तपासत राहतो. तेव्हा कुठलेही युद्ध चालू नव्हते. पण गेलेला वैमानिक युद्धात गेला नाही म्हणून त्याचे जाणे कमी मोलाचे, असे तिथे कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही. हा प्रश्न विमानतळाच्या कुंपणाबाहेर आल्यावरच पडतो.

बाहेरच्या माणसाला लढाऊ वैमानिकाचे खरे काम म्हणजे युद्ध आणि बाकीचे दिवस म्हणजे नुसती तयारी असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या नोकरीचे जवळजवळ सगळे दिवस सरावाचेच असतात, कारण तहान लागल्यावर विहीर खणायला हवाईदलाला सवड मिळत नाही. रात्री धावपट्टीवर उतरणे, जमिनीलगत उडणे, दुसऱ्या विमानाच्या पंखाशी पंख ठेवून ढगात शिरणे हे सगळे शांततेच्या काळातच करून ठेवावे लागते, आणि सराव आहे म्हणून जमीन मऊ होत नाही. अंतराळात गेलेला पहिला माणूस युरी गागारिन हा २७ मार्च १९६८ रोजी दोन आसनी मिग-१५ मधून प्रशिक्षण उड्डाण करत असतानाच, व्लादिमिर सेर्योगिन या प्रशिक्षकासह, मॉस्कोच्या पूर्वेकडील किर्झाच शहराजवळ कोसळून गेला. तो ३४ वर्षांचा होता. त्याच्या देशाने त्याच्या अस्थींना क्रेमलिनच्या भिंतीत जागा दिली आणि जिथे तो पडला तिथे स्मारक उभारले. त्यासाठी त्याच्या मृत्यूला लढाईचा पोशाख चढवण्याची गरज कुणाला पडली नाही.

'शहीद' या शब्दाविषयी तुम्ही सरळ विचारले आहे, म्हणून सरळ सांगते. सेनादलांत 'शहीद' अशी अधिकृत संज्ञा नाही, हे सरकारने संसदेत एकाहून अधिक वेळा सांगितले आहे. शत्रूच्या कारवाईत आलेला मृत्यू एका वर्गात आणि कर्तव्यावर असताना अपघाताने आलेला मृत्यू दुसऱ्या वर्गात नोंदला जातो, आणि कुटुंबाचे निवृत्तिवेतन त्यावरून ठरते. (ते प्रकरण अजून कुठे अडले असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून मार्गी लागले असावे असे धरते.) तात्पर्य, अमुक एक जण शहीद आहे असा दाखला देणारे कार्यालय नाही, आणि तो नाकारण्याचा अधिकारही कुणाकडे नाही. आपल्या 'हुतात्मा' या शब्दात तर आहुती आहे, शत्रू असलाच पाहिजे अशी अट नाही. तरीही मला विचाराल, तर दगडावर कोरायला मी या दोहोंपैकी एकही शब्द घेणार नाही. पुढाऱ्याचा फोटो मोठा आणि गेलेल्याचा छोटा अशा फ्लेक्सवर हे शब्द इतके झिजले आहेत, की त्यांच्यापुढे 'कर्तव्यावर असताना' हे दोन साधे शब्द मला अधिक वजनदार वाटतात. मात्र कुणी प्रेमाने त्याला शहीद म्हटले, तर तिथल्या तिथे दुरुस्ती करत बसू नका. बोलण्यातला शब्द विरून जातो, कोरलेल्याची जबाबदारी मात्र घरावर येते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी दिल्लीला गेल्यावर धक्का बसायला नको. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकात त्यागचक्राच्या भिंतींवर २५ हजारांहून अधिक नावे आहेत, ती स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत आणि लष्करी मोहिमांत कामी आलेल्यांची. प्रशिक्षणात गेलेल्यांसाठी ती भिंत नाही. ब्रिटनने स्टॅफर्डशायरमध्ये २००७ साली उभारलेल्या सेनादल स्मारकात निर्णय वेगळा केला: दुसऱ्या महायुद्धानंतर कर्तव्यावर गेलेल्या १६ हजारांहून अधिक जणांची नावे तिथे आहेत आणि सरावात गेलेला मुलगा लढाईत गेलेल्याच्या शेजारीच कोरलेला आहे. आपल्याकडेही कुठेतरी अशी एक भिंत असावी असे मला वाटते. पण ती होईल तेव्हा होईल. कोणत्या भिंतीवर कुणाला घ्यायचे हे ज्या त्या देशाने ठरवलेले असते, तुमच्या भावाची किंमत त्यावरून ठरत नाही.

वडिलांविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिते, कारण फलकाचा गुंता मुळात तिथे आहे. ज्या माणसाने उभे आयुष्य इंजिने उघडून बिघाड शोधला, त्याच्या हातात 'मानवी चूक' असे दोन शब्दांचे निदान ठेवणे म्हणजे बोनेट न उघडता गाडी परत पाठवण्यासारखे आहे. त्यांची चीड मला समजते. पण हे शब्द कुठून येतात तेही त्यांना कळायला हवे. अपघातांची वर्गवारी करताना हवाईदलाच्या तक्त्यात 'मानवी चूक (वैमानिक)' असा एक रकाना असतो. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या अहवालात २०१७ ते २०२२ या काळातले ३४ अपघात आले आहेत, त्यांतही हा रकाना अनेकदा भरलेला दिसतो. त्या रकान्यात वैमानिकाचे शेवटचे काही सेकंद मावतात. त्याच्या चारित्र्याबद्दल किंवा कौशल्याबद्दल तो काही सांगत नाही, आणि त्या सेकंदांच्या मागे काय काय उभे होते तेही सांगत नाही.

तुमच्या भावाच्या विमानात काय घडले हे तो अहवालच सांगू शकेल. रात्रीच्या उड्डाणात 'चूक' या शब्दाखाली काय येऊ शकते एवढे मी सांगते. आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारी वजनाचा कल ओळखणारी एक बारीक रचना असते. जमिनीवर चालणाऱ्या माणसाचा तोल त्यांवर उत्तम चालतो, पण त्या विमानासाठी घडलेल्या नाहीत. अंधाऱ्या रात्री क्षितिज दिसत नसताना विमान वेगाने पुढे झेपावले, की हीच रचना मेंदूला सांगते की विमानाचे नाक वर चढते आहे, आणि वैमानिकाचा हात नाक खाली दाबायला जातो. त्या वेळी उपकरणे खरे सांगत असतात आणि शरीर छातीठोकपणे खोटे सांगत असते. जमिनीपासून काहीशे फुटांवर असताना यातले कुणाचे ऐकायचे हे ठरवायला दोन-चार सेकंद मिळतात. याला दिशाभ्रम म्हणतात, आणि तो शेकडो तास उडालेल्यांनाही होतो. अशा अपघाताला मानवी चूक म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, परंतु घरी बसलेला बाप त्या शब्दांतून 'तुमचा मुलगा बेफिकीर होता' असे ऐकतो. तसे त्यात लिहिलेले नसते, आणि हे त्यांना कुणीतरी समोर बसून सांगायला हवे होते.

'चूक' हा शब्द अनेकदा एका लांब साखळीचे शेवटचे टोक असतो, याचेही उदाहरण आपल्याच हवाईदलात आहे. किरण या संथ प्रशिक्षण विमानावर शिकलेली पोरे एकदम मिग-२१ या लढाऊ विमानावर बसत, जे ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीला टेकते. या दोहोंमध्ये एक पायरी हवी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, असे १९८२ मध्येच लढाऊ विमानांच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँटेन समितीने सांगितले होते. अशा ६६ हॉक विमानांचा करार झाला तो मार्च २००४ मध्ये, आणि ती कर्नाटकातल्या बिदरच्या तळावर दाखल होऊ लागली २००८ मध्ये. करारापर्यंतच २२ वर्षे गेली. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार तोवर मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले होते आणि त्यांत १७१ वैमानिक गेले होते. १९६३ मध्ये आलेले मिग-२१ शेवटी २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाले. त्या १७१ जणांतल्या ज्यांच्या नावापुढे 'मानवी चूक' लागले असेल, त्यांच्या घरी त्या न आलेल्या पायरीचा हिशेब कुणी दिला असेल असे मला वाटत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हे नाव आठवत असेल. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातील सुरतगढजवळ त्यांचे मिग-२१ कोसळले. ठपका वैमानिकावर ठेवला जाणे त्यांचे आई-वडील कविता आणि अनिल गाडगीळ यांना मान्य झाले नाही. त्यांनी विमानांच्या सुरक्षेचा प्रश्न उघडपणे लावून धरला आणि मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान काढले. मिग-२१ वरच्या त्या काळातल्या एकूण टीकेचा रेटा एवढा होता, की तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस २००३ साली अंबाल्याहून स्वतः त्या विमानात बसून उडाले. मंत्री सुखरूप उतरले याने विमान सुरक्षित ठरते का, हा प्रश्न मी तुमच्या वडिलांवर सोडते. मेकॅनिक माणूस त्यावर काय म्हणेल याची मला कल्पना आहे.

ही वाट तुमच्या वडिलांना घ्यायची असेल तर त्यांना अडवू नका, पण दिवसभर अर्ज लिहिणे म्हणजे ती वाट नव्हे. त्यांना एकच पत्र लिहायला मदत करा. त्यात आरोप नको, मागणी एवढीच असू दे, की चौकशीचे निष्कर्ष समजावून सांगू शकेल अशा अधिकाऱ्याने आम्हाला प्रत्यक्ष भेटावे आणि आमचे प्रश्न ऐकावेत. अशा चौकशीचा मुख्य हेतू पुढचा अपघात टाळणे हा असतो, म्हणून 'या अपघातानंतर तुम्ही काय बदलले?' हा प्रश्न त्यात जरूर असावा. भेट मिळाली तर तुम्ही बरोबर जा, आणि ओळखीत एखादा निवृत्त वैमानिक असेल तर त्यालाही न्या. सगळे कागद हाती येतील असे वचन मी देऊ शकत नाही, पण समोरासमोर बसून एखाद्याने तासभर उत्तरे दिली, तर वडिलांच्या हातातली लेखणी थोडी सैल पडेल असे वाटते.

फलकाबद्दल मात्र त्यांना तुम्हीच सांगा, आणि तुमच्याच शब्दांत सांगा, की तिकडच्या कागदावर झालेल्या अन्यायाची भरपाई इकडच्या दगडावर होत नाही. दहा वर्षांनी एखादा जिज्ञासू मुलगा त्या चौकात उभा राहून तारीख वाचेल, त्या तारखेला कुठेच लढाई नव्हती हे त्याला फोनवर दोन मिनिटांत कळेल, आणि मग तुमच्या भावाविषयी जे खरे आहे त्याच्यावरही तो विश्वास ठेवणार नाही. गागारिनच्या अपघाताची कागदपत्रे २०११ पर्यंत बंद होती. तेवढ्या काळात तो नशेत होता इथपासून त्याला मारले गेले इथपर्यंत सगळ्या अफवा पिकल्या. गावाचेही तसेच असते. खऱ्याची जागा मोकळी ठेवली की चावडीवर ती भरून निघते, आणि कशाने भरेल ते आपल्या हातात राहत नाही.

मजकूर असा काहीसा असावा: पूर्ण नाव, फ्लाइट लेफ्टनंट, भारतीय हवाईदल. जन्मतारीख. अमुक तारखेच्या रात्री प्रशिक्षण उड्डाणात, कर्तव्यावर असताना मृत्यू. वय २६. त्याखाली, तो ज्या शाळेत शिकला तिचे नाव. विशेषण एकही नको. 'अपघात म्हणून लिहायचे तर पुतळा कशाला' म्हणणाऱ्या गृहस्थांशी वाद घालू नका. त्यांना विचारा की परवानगीचे कागद कुठवर आले. सार्वजनिक जागी पुतळ्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, आणि हे सगळे येत्या स्मृतिदिनापर्यंत होईल अशी चिन्हे नाहीत. सरकारी दिरंगाई कधी नव्हे ती तुमच्या उपयोगाची आहे. तेवढ्या वेळात मंडळातल्या दोन-तीन समंजस पोरांना घरी बोलवून लॉगबुक दाखवा. पुतळ्याऐवजी, किंवा पुतळ्याबरोबर, काहीतरी चालते-बोलते करता येईल असे त्यांनाच सुचेल. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक सुचवते: एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, आणि मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. तालुक्यातली जी मुले तिथली प्रवेशपरीक्षा देऊ पाहतात, त्यांचा अभ्यास आणि पळणे या दोन्हींची दर रविवारी सोय झाली, तर त्याला हार घालण्यापेक्षा ते आवडले असते की नाही, हे तुम्हीच जाणता.

आता आई. लॉगबुकाविषयी तुम्ही लिहिलेले वाचताना मी थांबले. वैमानिक ते स्वतःच्या हाताने भरतो: तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, बरोबर कोण होते, काम काय होते, किती वेळ उडालो. रात्रीचे तास लाल शाईने लिहिण्याची रीत आहे, त्यामुळे पाने चाळताना त्याने अंधारात घालवलेला वेळ वेगळा उठून दिसतो. ही नोंद उतरल्यानंतर करायची असते. शेवटच्या उड्डाणाची ओळ त्यात नाही ती यासाठी. आईने ती त्या वहीत लिहू नये असे मला वाटते, कारण ते पुस्तक पहिल्या पानापासून त्याच्या एकट्याच्या हस्ताक्षरातले आहे आणि ते तसेच संपू द्यावे. पण तिची इच्छा मोडूही नका. स्क्वॉड्रनला, म्हणजे त्याच्या तुकडीला, पत्र लिहून त्या उड्डाणाचा तपशील मागा: विमानाने धावपट्टी कधी सोडली, सराव कशाचा होता. तो आला की आईने तो स्वतःच्या अक्षरात वेगळ्या कागदावर लिहावा आणि त्या पानात ठेवावा. शाई कोणती घ्यायची ते ती ठरवेल.

ट्रंकेबरोबर सामानाची एक यादीही आली असेल. अधिकारी गेल्यावर त्याच्या वस्तू नोंदवायला समिती बसते आणि बनियनपासून बॅडमिंटनच्या रॅकेटपर्यंत सगळे नगावारी लिहिते. ती यादी फेकू नका. त्याच्या खोलीचे इतके नेमके वर्णन तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

आणि माणसे गाठा, ती अजून सापडतात तोवर. त्याच्या कोर्समेट्सना 'तो कसा होता' असे विचारू नका, त्यावर सगळे 'फार चांगला' एवढेच म्हणतात. मेसमध्ये तो कुठे बसायचा, कुणाची उधारी ठेवून गेला, पहिल्यांदा एकट्याने उडून आला त्या संध्याकाळी काय केले, कशाला घाबरायचा, हे विचारा. त्यांच्या बदल्या होत राहतील, लग्ने होतील, आठवणींवर आठवणी चढतील. आणखी एका माणसाला विसरू नका. त्या रात्री त्याला कॉकपिटमध्ये बसवून पट्टे आवळणारा, शिडी काढून घेणारा आणि विमान हलल्यावर सॅल्यूट करणारा एक एअरमन होता. तुमच्या भावाचा चेहरा शेवटचा पाहणारा तो असण्याचीच शक्यता अधिक, आणि त्याला भेटायला घरून कुणी येत नाही. त्याची उलटतपासणी करायची नाही एवढे पत्रात स्पष्ट लिहून, स्क्वॉड्रनमार्फत त्याला भेटायची विनंती करा. माझ्या वडिलांना अशा एका घरून निरोप येईल अशी आशा कितीतरी वर्षे होती. आला नाही.

सत्कारांचे तुम्ही लिहिले नाही, पण ते होत असणारच. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला 'वीरमाता' म्हणून शाल-श्रीफळ घेताना आईला काय वाटते ते तिला एकदा विचारा, आणि तिने 'नको' म्हटले तर नकार तुम्ही कळवा, तिला कळवायला लावू नका.

मुलीला आजच सांगा, स्मृतिदिनाची वाट पाहू नका: मामा युद्धात गेला नाही. रात्री विमान चालवण्याचा सराव करणे हे त्याचे काम होते, ते करताना विमान पडले आणि तो गेला. ती लगेच पुढचे विचारेल, दुखले का, ओरडला का, चूक कुणाची. ज्याचे उत्तर नाही तिथे 'आपल्याला माहीत नाही' म्हणा. नऊ वर्षांच्या मुलीला ते चालते. आजोबांना ते अजून चालत नाही, म्हणून हे बोलणे त्यांच्या देखत झाले तर बरे.

राहिला फोन. तुम्ही विचारले नाही, पण पत्रात लिहिले, म्हणजे तुम्हाला तो खटकत असावा. माझे म्हणणे, चालू राहू द्या. बंद केला तर काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो, आणि आईने एखाद्या रात्री लावलाच तर पलीकडून परका आवाज येईल. पुढच्या वेळी रिचार्जची मुदत संपेल तेव्हा तिला न सांगता तुम्ही करू नका. दुकानात तिच्याबरोबर जा.